ओटीजीमध्ये अख्खं चिकन रोस्ट करताना वेळ कशी धरायची? बाहेरून करपतंय, मांडीत कच्चं राहतंय

मृणाल_नाशिक

नमस्कार मंडळी, शनिवारी रात्री ९ ला घरी आठ माणसं जेवायला आहेत, भाऊ दोन वर्षांनी येतोय आणि त्याने फोनवरच सांगून ठेवलंय की ताई या वेळी रस्सा नको, अख्खी कोंबडी भाजून दे. दोन आठवड्यांपूर्वी मी एकदा ट्रायल घेतली आणि ती फसली, म्हणून इथे विचारतेय.

काय केलं ते सगळं लिहिते म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. चिकन १ किलो ३०० ग्रॅम, चिकनवाल्याने नेहमीसारखं सोलून दिलेलं, म्हणजे स्किन नाही. आणून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, सकाळी बाहेर काढलं, चार तास ओट्यावर ठेवलं. मग दही, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला, मीठ आणि दोन चमचे मध असं लावून दोन तास मुरवलं. ओटीजी ३० लिटरचा आहे, २३० वर खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू ठेवून मधल्या जाळीवर ट्रे ठेवला. ५० मिनिटांनी बघितलं तर वरून काळं, घरभर करपल्याचा वास, म्हणून काढलं. मांडीचा सांधा कापला तर आत गुलाबी आणि हाडापाशी लालसर पाणी सुटलं. शेवटी तुकडे करून कढईत झाकण ठेवून शिजवले, तोवर छातीचं मांस अगदी कोरडं, घशाखाली उतरेना. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं, मुलं किती वेळ ओटीजीच्या काचेला नाक लावून बसली होती.

तर नेमके किती वाजता काय करायचं आणि झालंय हे न कापता कसं ओळखायचं? किलोमागे अमुक मिनिटं असं काही गणित आहे का?

ओव्हनवाली_कोथरूड

मृणाल, तुझी मुख्य चूक वेळेची नाहीच आहे, ती सकाळची आहे. फ्रीजरमधलं अख्खं चिकन चार तासात ओट्यावर सुटत नाही गं, बाहेरून मऊ लागतं पण पोटाच्या पोकळीत बोट घालून बघितलंस तर आत बर्फ असतो, आणि मांडीचा सांधा सगळ्यात शेवटी सुटतो. बर्फ वितळण्यातच ओव्हनची उष्णता गेली, तोवर वरचा मध जळला. आणि बाहेर इतके तास ठेवणं तब्येतीलाही चांगलं नाही, बाहेरचं मांस गरम होऊन बसतं आणि आत गोठलेलं. सव्वा-दीड किलोचं चिकन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण २४ तास द्यायचे. शक्यतो फ्रीजर नकोच, शुक्रवारी ताजं आण.

दुसरं म्हणजे २३० आणि वरचा रॉड. ३० लिटरच्या ओटीजीत मधल्या जाळीवर अख्खी कोंबडी ठेवली की तिची छाती वरच्या रॉडपासून जेमतेम तीन-चार बोटांवर येते, ते भाजणं राहत नाही, ते ग्रिल होतं. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत घाल, २०० ठेव. मध, साखर, केचप जे काही गोड असेल ते शेवटच्या १० मिनिटांत ब्रशने लावायचं, सुरुवातीला लावलं की काळं पडणारच.

तिसरं, स्किन. आपल्याकडे दुकानात पिसं उपटत बसण्यापेक्षा पिसांसकट सोलून टाकतात, त्याला एक मिनिटही लागत नाही, म्हणून सगळीकडे सोललेलंच मिळतं. रश्श्याला ते चालतं पण अख्खं रोस्ट करताना स्किन म्हणजे कोंबडीचं स्वतःचं पांघरूण आहे, तिच्या खालची चरबी वितळून छाती ओली राहते. आदल्या दिवशी सांगून ठेव की स्किनसकट पाहिजे, गरम पाण्यात बुडवून पिसं काढून द्या. सकाळी लवकर गेलीस तर देतात, रविवारच्या गर्दीत कोणी देत नाही. स्किनवालं नाहीच मिळालं तर छातीवर भरपूर तूप किंवा बटर चोळून पहिली ४० मिनिटं फक्त छातीवर फॉइल ठेव, मांड्या उघड्या.

मीठ आदल्या रात्री लाव. किलोला १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुझ्या चिकनला तीन सपाट छोटे चमचे, आत पोकळीत पण, आणि न झाकता फ्रीजमध्ये ताटात ठेवून दे. सकाळी स्किन कागदासारखी कोरडी दिसेल, तीच कुरकुरीत होते. दही लावणार असशील तर त्यात परत मीठ घालू नकोस.

लेस्टरची_अनघा

इथे इंग्लंडमध्ये रविवारी अख्खं चिकन रोस्ट करणं म्हणजे आपल्याकडच्या वरणभातासारखं आहे, १४ वर्षं करतेय त्यामुळे लिहायचा मोह आवरत नाही.

गणित आहे. इथे लोक धरतात ते असं की दर ४५० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर आणखी २० मिनिटं, १९० डिग्रीला. तुझ्या १३०० ग्रॅमला ते साधारण ७८ मिनिटं येतं. २०० ला ठेवलंस तर ६५ ते ७५ मध्ये व्हायला हवं. पण हे फक्त पाहुण्यांना किती वाजता बोलवायचं ते ठरवायला, कोंबडी झाली की नाही ते ठरवायला नाही!! तेच वजन, तोच ओव्हन असून माझा एका आठवड्यात १० मिनिटांचा फरक पडतो, कारण एकदा ती फ्रीजमधून थेट जाते, एकदा अर्धा तास बाहेर असते, एकदा छाती जाड असते.

म्हणून एक काम कर, टोकदार सळी असलेला डिजिटल थर्मामीटर मागव, पाच-सहाशे रुपयांत येतो, शनिवारच्या आत मिळेल. मांडीचा सगळ्यात जाड भाग, जिथे मांडी पोटाला चिकटते तिथे आतल्या बाजूने सळी घालायची, हाडाला लागू द्यायची नाही. हाडाला टेकली की आकडा खोटा येतो. अमेरिकेत सुरक्षित आकडा ७४ डिग्री सांगतात, इथे यूकेत ७० डिग्री २ मिनिटं टिकली पाहिजे असं सांगतात, पण मांडीला मी ८० होऊ देते, कारण ७४ ला मांडी सुरक्षित असली तरी चावायला चिवट, रबरासारखी लागते. छाती ७१-७२ ला बाहेर काढली की बाहेर बसल्या बसल्या अजून तीन-चार डिग्री चढते. छाती ८० च्या वर गेली की तू खाल्लंस तसा भुसा होतो.

आता तुझी शनिवारची वेळ ९ वरून उलटी मोजू. ८:५५ ला कापणं. त्याआधी १५-२० मिनिटं नुसतं ठेवायचं, हे अजिबात टाळू नकोस, गरम गरम कापलं तर सगळा रस पाटावर जातो. म्हणजे ८:३५ ला बाहेर. ७५ मिनिटं मागे गेलं की ७:२० ला आत. ओटीजी पूर्ण तापायला २० मिनिटं धर, दिवा विझला म्हणून लगेच घालू नकोस, भिंती तापलेल्या नसतात, म्हणजे ७ ला चालू. चिकन फ्रीजमधून ६:४५ ला काढ. आणि ८:२० पर्यंत दार उघडायचं नाही, मुलांना काचेतून बघू दे. लवकर झालं तर काही बिघडत नाही, वरून फॉइल सैल टाकून अर्धा तास छान गरम राहतं. उशीर झाला तर मात्र भुकेली माणसं समोर आणि तू ओव्हनला हात जोडून, म्हणून शंका आली तर १५ मिनिटं आधीच घाल.

रांगडा_सातारा

एवढं सगळं कशाला, कुकरला एक शिट्टी घ्या आणि मग ओटीजीत २० मिनिटं रंग आणा, कच्चं राहायचा प्रश्नच नाही, आमच्याकडे गेली कित्येक वर्षं असंच करतात आणि थेंबभर रक्त दिसत नाही. वरून त्या कुकरातल्या पाण्याचा भाताला मस्त उपयोग होतो.

ओव्हनवाली_कोथरूड

साताराभाऊ, गावरान कोंबडी असेल तर तुमचंच बरोबर, ती ओव्हनमध्ये नुसती भाजली तर दाताला लागते, तिला आधी शिजवायलाच हवं. पण ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचं कोवळं पिल्लू असतं हो, त्याला शिट्टी दिली की मांस हाडावरून सुटतं, स्किन फाटते आणि अख्खी कोंबडी ताटात उभी राहत नाही. चवही पाण्यात उतरते, म्हणून तर तो भात चांगला लागतो. मृणालच्या भावाला अख्खी पाहिजे ना.

मृणाल_नाशिक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच बरं वाटलं. थर्मामीटर ऑर्डर केला, शुक्रवारी येतोय. चिकनवाल्याला पण फोन केला, तो म्हणाला वहिनी सात वाजता या, स्किनचं काढून ठेवतो.

अजून तीन शंका. एक, हाडापाशी लाल दिसलं तर ते कच्चंच ना? आकडा बरोबर आला आणि तरी लाल दिसलं तर मी काय करू, सासूबाई तर खाणारच नाहीत. दोन, आई म्हणते चिकन धुतल्याशिवाय ओव्हनमध्ये घालायचं नाही आणि मी कुठेतरी वाचलं की धुवायचं नाही. तीन, आठ माणसांना एक पुरेल का? दोन घातली तर वेळ दुप्पट?

लेस्टरची_अनघा

लाल दिसणं आणि कच्चं असणं नेहमी एक नसतं. ब्रॉयलरची हाडं कोवळी असतात, त्यातल्या मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो आणि हाडालगतचं मांस गडद लाल-तपकिरी दिसतं, ते ८२ डिग्रीला पण दिसू शकतं. याच कारणाने "रस पांढरा आला म्हणजे झालं" या खुणेवर मी एकटीवर विसंबत नाही. मांस बघ, कच्चं असेल तर ते काचेसारखं, चकचकीत आणि लिबलिबीत असतं, शिजलेलं असेल तर धाग्याधाग्याने सुटतं. सासूबाईंना छातीचा तुकडा दे, तिथे हा प्रश्न येत नाही. गेल्या वेळचं तुझं मात्र खरंच कच्चं होतं, त्यात वाद नाही.

धुण्याबद्दल, नळाखाली धुतलं की शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि कच्च्या चिकनमधले जंतू तिथे जातात, म्हणून इथे धुवू नका असं सांगतात. जंतू ओव्हनमध्ये मरतातच. आईचं मन राखायचं असेल तर मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन हळूच बुडवून काढ आणि मग पेपर नॅपकिनने आतून-बाहेरून पूर्ण टिपून घे, मीठ लावायच्या आधी. ओली स्किन भाजत नाही, उकडते.

आठ माणसांना एक पुरणार नाही गं. १३०० ग्रॅम हाडासकट म्हणजे चार, फार तर पाच जण.

ओव्हनवाली_कोथरूड

दोन कोंबड्या ३० लिटरमध्ये शेजारी शेजारी घालू नकोस, भिंतींना टेकतात, मधून हवा फिरत नाही, मधल्या बाजूच्या दोन मांड्या हमखास कच्च्या राहतात. वेळ दुप्पट नाही होत पण किती वाढेल ते सांगता येत नाही आणि पाहुण्यांच्या दिवशी हा धोका नको. एक अख्खी रोस्ट आणि सोबत एक किलोचा साधा तांबडा रस्सा, भाकरी. रोस्ट मधोमध ठेव, सगळ्यांना दोन-दोन तुकडे येतात आणि कोणी उपाशी उठत नाही.

ट्रेमध्ये कोंबडीखाली बटाट्याच्या जाड फोडी आणि कांदे टाक, वरून गळणारी चरबी त्यांच्यावर पडते, आणि ट्रेला पडून ती जळत पण नाही म्हणजे धूर होत नाही. पंखांची टोकं पाठीमागे मुडपून ठेव आणि दोन्ही तंगड्या सुती दोऱ्याने बांध, पण फार करकचून नको, मांड्या पोटाला घट्ट दाबल्या की तिथे उष्णता पोचायला वेळ लागतो.

वसईची_सून

उशिरा आले. आमच्या सासरी नाताळाला रोस्ट असतोच आणि पोटात सारण भरतात, कलेजी-पेठा बारीक चिरून, बटाटा, मटार, मनुका, पावाचा चुरा. मृणाल, पहिल्या वेळी सारण भरू नको. भरलेल्या कोंबडीला २०-२५ मिनिटं जास्त लागतात, कारण सारणातला मधला घास पण ७४ ला पोचायला हवा, त्यात कच्च्या मांसाचा रस उतरलेला असतो. सासूबाई सारण आधी पूर्ण परतून शिजवूनच भरतात आणि गरम असतानाच भरतात.

आणि ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी लिहिते. सासूबाईंच्या लहानपणी घरात ओव्हन कुठला, एकतर मसाला लावून तयार कोंबडी बेकरीत नेऊन द्यायचे, पाव निघाल्यावर उतरत्या भट्टीत ती भाजून मिळायची, नाहीतर जाड बुडाच्या पातेल्यात. आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग, थोडा व्हिनेगर लावून रात्रभर ठेवायची, दुसऱ्या दिवशी पातेल्यात तुपावर चारी बाजूंनी लाल करून घ्यायची, अर्धी वाटी पाणी, घट्ट झाकण आणि मंद आच. पूर्वी झाकणावर निखारे ठेवायचे. दर १५ मिनिटांनी कूस बदलायची, एकदा डावी मांडी खाली, एकदा उजवी, छाती सगळ्यात कमी वेळ खाली. सव्वा किलोला तासभर लागतो. शेवटी झाकण काढून पाणी आटवायचं, ते खाली तपकिरी दाट होतं तेच वरून ओतायचं. ही चव मला ओव्हनपेक्षा आवडते, स्किन कुरकुरीत होत नाही एवढंच.

अलिबागकर_७

भाजलेल्या कोंबडीचा विषय आणि पोपटीचं नाव नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ-ओवा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, परत शेंगा आणि तोंडाला भांबुर्डा कोंबून मडकं शेतात उपडं घालायचं, भोवती काटक्या-गवत पेटवायचं. पाण्याचा थेंब घालत नाहीत, शेंगांच्याच ओलाव्यावर शिजतं. अर्धा-पाऊण तास लागतो पण घड्याळ कोणी बघत नाही, वरून मडक्यावर पाणी शिंपडतात, चर्र करून थेंब लगेच उडाला की झालं. पण अख्खी कोंबडी आम्ही टाकत नाही, तुकडेच, किंवा टाकलीच तर मांड्यांना हाडापर्यंत खोल चिरा देऊन. मृणालताईंनी स्किन नाही मिळाली तर त्या चिरा जरूर द्याव्यात, मसाला पण आत जातो आणि मांडी छातीच्या बरोबरीने शिजते.

चिपळूणचा_बंड्या

एक महत्त्वाचं राहिलं, व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी ७ नंतर व्होल्टेज २०० पर्यंत उतरतं, तेवढ्याने रॉडची ताकद पाव हिश्श्याने कमी होते. मग ओटीजी तापायलाच अर्धा तास घेतो आणि एकदा दार उघडलं की परत लवकर चढत नाही. दुपारी ७० मिनिटांत होणारं चिकन रात्री ९० ला झालंय माझं. संध्याकाळी एकदा नुसता ओटीजी लावून किती मिनिटांत तापतो ते बघून ठेवा. आणि त्याच लाइनवर गीझर नको.

मृणाल_नाशिक

मंडळी झालं!! रविवार सकाळ आहे, भाऊ अजून झोपलाय, लगेच लिहायला बसले.

चिकन स्किनसकट १ किलो ४०० भरलं. चिकनवाल्याने पिसं काढली होती पण पंखांच्या काखेत आणि शेपटीपाशी बारीक काळी खुंटं राहिली होती, ती आधी भुवयांच्या चिमट्याने एकेक उपटली, मग राहिलेली लव गॅसच्या ज्योतीवर फिरवून जाळली, अर्धा तास गेला त्यात. शुक्रवारी दुपारी मीठ लावून न झाकता फ्रीजमध्ये ठेवलं, शनिवारी संध्याकाळी हात लावला तर स्किन खरंच पापुद्र्यासारखी, थोडी पारदर्शक झाली होती. दही लावलंच नाही, स्किनखाली बोटं घालून आलं-लसूण-कोथिंबीर-मिरचीचं वाटण बटरमध्ये कालवून सारलं, बाहेरून नुसतं तेल आणि मिरी.

बंड्याभाऊंचं ऐकून शुक्रवारी संध्याकाळी ओटीजी लावून बघितला, २५ मिनिटं घेतली त्याने. म्हणून ६:५० ला चालू केला, ७:१५ ला चिकन आत, खालची जाळी, २००. ८:१५ ला पहिल्यांदा दार उघडलं, मांडी ७१, छाती ६४. परत आत. ८:३२ ला मांडी ८०, छाती ७२, काढलं. पाटावर ठेवलं आणि सळी छातीतच राहू दिली, १० मिनिटांत आकडा ७५ वर चढला, मुलं तो आकडाच बघत बसली होती. ८:५५ ला कापलं. सुरी स्किनवर ठेवली तेव्हा करकर आवाज आला, आणि छाती कापताना कडेने स्वच्छ रस सुटला. उजव्या मांडीच्या हाडापाशी थोडं लाल होतं, मी घाबरले, मग अनघाने सांगितलं तसं मांस ओढून बघितलं, धाग्याने सुटलं, तो तुकडा मीच खाल्ला. सासूबाईंनी छातीचा तुकडा दोनदा मागून घेतला. खालचे बटाटे आधी संपले. रस्सा पण केला होता म्हणून पुरलं, नाहीतर खरंच नसतं पुरलं.

आता हाडांचा सांगाडा राहिलाय, त्याला बरंच मांस आहे, टाकून द्यायचं जिवावर येतंय.

वसईची_सून

टाकायचा नाही हं. कुकरमध्ये कांदा, आलं, चार मिरी आणि बुडेल एवढं पाणी, मंद आचेवर अर्धा तास. गाळून त्यात तांदूळ शिजव, मांस सोडवून वरून घाल. आजच कर, उद्यावर ठेवू नकोस. आणि रंगाची काळजी करू नकोस, भाजलेल्या हाडांचं सूप जरा तपकिरीच येतं.